सहा, सहा, सहा, चार

“ही नऊ गाणी आहेत. एक नाहीये.”

आमचा बेसवाला हे म्हणाला तेव्हा रविवारचे रात्रीचे साडेदहा वाजले होते. कर्वेनगरमधल्या बेसमेंटच्या जॅमरूममध्ये आम्ही चौघं होतो आणि एकाच गाण्यावर पाच महिने घालवून झाले होते. मी कीबोर्डमागे उभी होते. मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. कारण त्यानं लगेच पुढचा प्रश्न विचारला, “सेव्हन एटवरून आपण इलेव्हन एटवर उडी मारतो. का मारतो?” म्हणजे सात मात्रांच्या तालावरून एकदम अकरा मात्रांच्या तालावर. वाजवायला मजा येते म्हणून, एवढंच खरं उत्तर होतं आणि ते मला सगळ्यांसमोर द्यायची लाज वाटली.

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक आणि तालाशी खेळणारं रॉक संगीत, मी ऐकायला लागले कॉलेजात असताना, मैत्रिणीच्या भावानं बर्न करून दिलेल्या सीड्यांवर. त्याआधी माझं संगीत म्हणजे इंदापूरला शिकलेली पेटी. त्या सीड्यांनी मला वेड लावलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या विशीतल्या पोरांना तीन मिनिटांचं गाणं तोकडं वाटायला लागलं होतं. कुणी चर्चचा ऑर्गन ऐकत वाढलेला, कुणी शाळेच्या कॉयरमध्ये गायलेला, कुणी जॅझमध्ये बुडालेला. लाँग प्ले रेकॉर्डच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावतात आणि ती सलग वापरता येतात, हे त्यांनी ओळखलं. ऑक्टोबर १९६९मध्ये किंग क्रिम्झन या बँडची पहिली रेकॉर्ड आली. १९७२ साल उजाडेपर्यंत हा प्रवाह इतका भरात आला की त्या एका वर्षात येस आणि जेनेसिस या बँडांनी एकेका गाण्याला रेकॉर्डची जवळजवळ अख्खी बाजू दिली, आणि जेथ्रो टलनं दोन्ही बाजू मिळून एकच गाणं केलं. मला असं एक गाणं करायचं होतं. मराठीत करायचं की इंग्रजीत, हा विचारसुद्धा तेव्हा केला नव्हता.

माझी चूक आता मला स्पष्ट दिसते. मी सुट्या वस्तू गोळा करत होते. वहीत नोंदी असायच्या: सातातली एक रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी चाल), अकरातली एक, मधे पियानोचा तुकडा, एक गिटारचा सोलो, एक कोरस. प्रत्येक तुकडा अवघड होता आणि प्रत्येकावर आम्ही घाम गाळला होता. अवघड आहे म्हणजे नवीन आहे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

बेसवाल्याच्या त्या वाक्यानंतर पंधरा दिवस आम्ही भेटलो नाही. त्या काळात मी एक काम केलं, जे आधी करायला हवं होतं. आलेखाचे कागद आणले, एकाला एक चिकटवले आणि येसचं १९७२चं ते मोठं गाणं, ‘क्लोज टु दी एज’, कागदावर मांडलं. दहा सेकंदांना एक सेंटिमीटर. गाणं साडेअठरा मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे पट्टी झाली एकशे अकरा सेंटिमीटरची. ती मी पॅसेजच्या भिंतीवर लावली. प्रत्येक चालीला एक रंगीत पेन्सिल. चाल परत आली की तोच रंग.

गाणं पाखरांच्या आणि वाहत्या पाण्याच्या आवाजानं सुरू होतं, मग वाद्यांचा एकदम कल्लोळ, आणि मग गाणारा येतो. एकूण चार भाग आहेत. पहिल्या भागात कडव्याची जी चाल आहे तीच दुसऱ्या भागात येते, फक्त खालचा ताल पालटलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना ती नवीन वाटते. तिसरा भाग संथ, पाणी साचल्यासारखा. त्यात लंडनच्या एका जुन्या चर्चमध्ये जाऊन रेकॉर्ड केलेला पाइप ऑर्गन अंगावर येतो. आणि चौथ्या भागात पहिली चाल परतते. मी इतकी वर्षं या गाण्याला अवाढव्य समजत होते, आणि माझ्या भिंतीवर लागले फक्त चार रंग. हे गाणं सलग वाजवून रेकॉर्ड झालेलंही नाही. ॲडव्हिजन स्टुडिओत तुकड्यातुकड्यानं रेकॉर्ड करून टेप कापून जोडलेली आहे. तरी ते एक वाटतं, कारण रंग परत येतात.

मग मी आमच्या गाण्याची पट्टी काढली. तिला नऊ रंग लागले आणि त्यातला एकही पुन्हा आला नाही.

दुसरा कागद जेनेसिसच्या ‘सपर्स रेडी’चा केला. सात भाग, तेवीस मिनिटं. शेवटाकडे नऊच्या तालाचा एक भाग आहे. बेस आणि गिटार एकाच स्वराला चिकटून तीन-दोन-चार, तीन-दोन-चार असं ठोकत राहतात आणि त्यावर त्यांचे कीबोर्डवादक टोनी बँक्स यांचा ऑर्गन बारच्या, म्हणजे तालाच्या एकेका आवर्तनाच्या, रेघा न जुमानता फिरतो. ऐकणाऱ्याला कशाचाच आधार उरत नाही. नेमकं तिथे, वीस मिनिटांपूर्वी अगदी हळू गायलेली सुरुवातीची चाल पूर्ण आवाजात परत येते. मी हे गाणं शेकडो वेळा ऐकलं असेल, पण कागदावर तो पहिला रंग शेवटी पुन्हा काढताना माझा हात थांबला. ती चाल इतकी भिडते याचं कारण मधली वीस मिनिटं आहेत. ती काढून टाकली तर उरेल एक साधं, गोड गाणं.

म्हणजे लांबीला कारण लागतं. काहीतरी दूर जावं लागतं आणि परत यावं लागतं. आमच्याकडे दूर जाणारं काय होतं?

याचं उत्तर माझ्या घरातच होतं. माझ्या आईचं माहेर उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेवर धरण झालं आणि गाव उठलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पुढे ती शिक्षिका झाली, तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि गावाबद्दल फारसं कधी बोलली नाही. पाऊस कमी झालेल्या वर्षी उन्हाळ्यात जलाशय खाली जातो आणि जुनं काहीबाही उघडं पडतं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ असं वर आलं की लोक गाड्या काढून बघायला जातात. आईच्या गावाला तसं मोठं देऊळ नाही, म्हणून तिकडे कोणी जात नाही. त्या मे महिन्यात मी तिला म्हटलं, चल.

सकाळी सातला आम्ही पोचलो. काठाचा चिखल वाळून फरशीसारखा तडकला होता. पावलागणिक शिंपल्या कचकन फुटायच्या. एका दगडाला फाटकं जाळं अडकलेलं, लांबवर चिलापी धरणाऱ्यांच्या दोन होड्या. आईनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग सरळ चालायला लागली, जणू रस्ता दिसत होता. एका लांबट दगडाशी थांबली. “हा उंबरा. इथून सोपा, मग माजघर, मागे परसू.” ती आत गेली, म्हणजे जिथे आत होतं तिथे गेली, आणि कोपऱ्यात वाकून म्हणाली, “इथे जातं होतं आजीचं.” जातं नव्हतं. मी फोनवर पाण्याचा आवाज घेतला. तिथे पाणी फार हळू दगडांना लागतं, चुबुक असा आवाज येतो आणि मग बराच वेळ काही नाही. तो आवाज आमच्या गाण्याच्या सुरुवातीला आहे.

परतीच्या रस्त्यावर गाण्याचा आकार माझ्यासमोर उभा राहिला. पाणी चढतं. पाणी राहतं, वर्षानुवर्षं. पाणी उतरतं, गाव दिसतं. पुन्हा चढतं. सुरुवातीची चाल शेवटी परत यायलाच हवी होती, कारण गाव परत येतं.

बोल मी इंग्रजीत लिहिले. सवयीनं. प्रोग रॉकचे बोल डोक्यात इंग्रजीतच यायचे. आईला वाचून दाखवले. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमच्या गावात असं कुणी बोलत नव्हतं गं.”

मग मराठीत चार ओळी लिहिल्या आणि फोनवर ऐकवल्या. ती गप्प. मला वाटलं भरून आलं असेल. तर ती म्हणाली, “पहिल्या ओळीत आठ अक्षरं आहेत, दुसरीत पाच, तिसरीत सात. छंद कुठला घेतलायस?”

“आई, हे मुक्त आहे.”

“मुक्त असू दे, पण काहीतरी ठरव. देवद्वार घे. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळव.”

देवद्वार छंद महाराष्ट्रातल्या प्रत्येकानं ऐकलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठातल्या ‘देवाचिये द्वारीं’ या अभंगावरूनच त्याला हे नाव पडलं. मोजून पाहा: दे, वा, चि, ये, द्वा, री. सहा. पुढचे दोन चरण सहा-सहाचे आणि शेवटचा चारचा. आईच्या गावात संध्याकाळी हरिपाठ व्हायचा, हे तिनं त्याच फोनवर सांगितलं. त्या रात्री मी लिहिलं:

पाण्याखाली गाव
गावामध्ये वाट
वाटेअंती घाट
कोणासाठी

लिहून झालं आणि मी ओट्याशी उभी राहून एका अक्षराला एक अशा टिचक्या मारत म्हणायला लागले. सहा, सहा, सहा, चार. आणि मग हात थांबला. बेरीज बावीस. बावीस मात्रांचा ठोका, आत तीन सारखे गट आणि चौथा आखूड, जणू पायरी चुकून पाय एकदम खाली जावा तसा. पाच महिने मी सात आणि अकरा बाहेरून उचलून आणत होते, आणि हा ताल माझ्या आईच्या भाषेत शेकडो वर्षं पडून होता.

मला तेव्हा रशची आठवण झाली. कॅनडाच्या या तिघांचं १९८१ सालचं एक वाद्यसंगीत आहे, ‘वायवायझेड’. टोरांटोच्या विमानतळाची ती तीन अक्षरी खूण आहे. ती खूण तारेच्या मोर्स लिपीत जशी वाजते तोच सुरुवातीचा ताल आहे. लांब टोल दोन मात्रांचा, आखूड एका मात्रेचा. वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब: सात. पुन्हा वाय: सात. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड: सहा. बेरीज वीस. पाश्चात्त्य मोजणीत अशा चार मात्रांचा एक ठोका धरला की हा पाचाचा बार होतो, पण कुणी पाचाचा बार करू या म्हणून बसलं नव्हतं. अक्षरं आली आणि ताल त्यांच्यासोबत आला. ही रचना मी कॉलेजपासून बोटांवर बडवत आले होते आणि तिच्यात काय शिकण्यासारखं आहे ते मला ओट्याशी कळलं.

पुढचे दोन रविवार मात्र गोंधळात गेले. आमचा गिटारवाला गातो. पुण्यात वाढलेला, इंग्रजी माध्यमातला, गळा फार चांगला. तो ‘वाटेअंती घाट’ म्हणायचा आणि अर्ध्या मात्रेची गडबड व्हायची. शेवटी आम्ही फक्त बोलून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. आपण बोलताना ‘घाट्’ म्हणतो, शेवटच्या ट मधला अ गिळतो. ‘गाव्’, ‘वाट्’. बोलण्यात ती पाच अक्षरं होतात. छंदात ट पूर्ण आहे, त्याची जागा त्याची आहे. भजनी मंडळी गाताना तो अ मोकळा सोडतात, म्हणून त्यांचं चुकत नाही. गिटारवाल्यानं ‘घा-ट’ असा शेवट उघडा ठेवायला सुरुवात केली आणि रिफ जागेवर बसली. त्यानं गाण्याचा सूरही बदलला. शब्द संपत नाहीत असं वाटायला लागलं.

दुसरं कडवं त्याच आठवड्यात आलं:

आजीच्या जात्याला
माशांचा शेजार
दळतो अंधार
पाण्याखाली

आता प्रश्न होता ऐकणाऱ्याचा. बावीसचा ताल मोजत कोण बसणार? यावर तोडगा ड्रमरनं काढला आणि माझ्या मते या गाण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट त्याची आहे. तो म्हणाला, तुम्ही बावीस वाजवा, मी साधा चारचा बीट वाजवतो, दोन मात्रांना एक ठोका, म्हणजे आठ मात्रांचा. लोक माझ्याबरोबर मान हलवतील. आम्ही वाजवून पाहिलं. पहिल्या फेरीनंतर रिफ आणि ड्रम एकमेकांपासून सुटतात. दुसऱ्या फेरीत ते उलटसुलट होतात, तिसऱ्या फेरीत वाटतं की सगळं पडणार, आणि चौथी फेरी संपते तेव्हा दोघं एकाच ठोक्यावर येऊन पडतात. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, आठ अकरे अठ्ठ्याऐंशी. चार कडवी, अकरा बार. ज्यांनी थोडाफार तबला ऐकला आहे त्यांना हे सुख सांगावं लागणार नाही, ती समच आहे. आणि भजनी ठेकाही आठच मात्रांचा. परंपरेत अभंगाची अक्षरं ताणून त्या आठांत बसवतात. आम्ही ती ताणली नाहीत, मोकळी सोडली, आणि अठ्ठ्याऐंशी मात्रांनंतर ती ठेक्याला आपणहून भेटली.

किंग क्रिम्झननं १९८१मध्ये दोन गिटारींत अशीच गंमत केली होती. दोघी एकत्र निघतात, एक जण प्रत्येक फेरीत एक स्वर गाळते, त्या दूर जातात आणि बऱ्याच वेळानं पुन्हा मिळतात. कल्पना आमची पहिली नाही. पण ती आमच्याकडे ज्या वाटेनं आली, ती वाट आमची होती.

कीबोर्डबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. त्या काळातल्या इंग्लिश बँडांचा तो धुक्यासारखा तंतुवाद्यांचा आवाज मेलोट्रॉनचा आहे. बर्मिंगहॅममध्ये १९६३पासून बनायला लागलेलं हे वाद्य. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, तिच्यावर खऱ्या व्हायोलिनांचा, बासऱ्यांचा किंवा गाणाऱ्यांचा एकेक स्वर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की फीत सरकायला लागते, आठेक सेकंदांत संपते, आणि पट्टी सोडली की स्प्रिंगनं मागे येते. मी वापरते ते प्लगइन आहे, म्हणजे त्या वाद्याची संगणकातली नक्कल. त्यात स्वर हवा तेवढा वेळ धरता येतो. मी तसा धरून ठेवायचे आणि तो आवाज मेल्यासारखा वाटायचा. मग मी स्वतःला नियम घातला: आठ सेकंदांवर बोट उचलायचंच. आमच्या लयीत एक फेरी साडेपाच सेकंदांची. दोन फेऱ्या म्हणजे अकरा, म्हणजे फीत मधेच संपणार. त्यामुळे प्रत्येक फेरीला हात उचलून स्वरसमूह नव्यानं लावणं भाग पडलं, आणि लावायचाच आहे तर बदलावा असं वाटायला लागलं. संगतीची सगळी हालचाल त्या आठ सेकंदांतून निघाली. तो आवाज श्वास घेतो, कारण वाजवणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो.

मधला संथ भाग मी एका खर्जावर बांधला. खाली एकच स्वर, वर स्वरसंगती बदलत राहतात. पेटीवर शिकलेल्या माणसाला हे घरचंच, आणि जेनेसिसच्या त्या नऊच्या भागातही खाली असाच एक स्वर आहे. फरक एवढाच केला की दर चार फेऱ्यांनी तो खर्ज अर्ध्या स्वरानं खाली उतरतो आणि वरची संगती तशीच राहते. पाण्याची पातळी. हे कुणाला सांगून कळावं अशी अपेक्षा नाही, पण वाजवताना मला ते ओले दगड दिसतात.

वगळलेल्या गोष्टींपैकी एक मला अजून लागते. गिटारवाल्याचा दोन मिनिटांचा सोलो होता, जुन्या नऊ तुकड्यांतला. तो सुंदर होता, पण अकराचा होता आणि नव्या गाण्यात त्याला घर नव्हतं. बावीसवर त्याला सुचेना. तो रात्र रात्र घालवत होता. तेव्हा मी त्याला पिंक फ्लॉइडचं १९७३चं ‘मनी’ ऐकवलं, जे त्याला पाठ होतं. नाण्यांचे, गल्ल्याचे आवाज जोडून केलेली ती सातची फीत, सातातलंच गाणं, सॅक्सोफोनही सातात. पण गिटारचा सोलो सुरू होतो तेव्हा गाणं सरळ चारवर येतं. गिटारला पळायला मोकळं रान मिळतं आणि मग पुन्हा सात. आम्ही तेच केलं. पाणी उतरतं त्या ठिकाणी रिफ थांबते, फक्त ड्रमचा साधा चारचा बीट उरतो आणि त्यावर तो वाजवतो. नवा सोलो चाळीस सेकंदांचा आहे. जुन्याबद्दल तो काही बोलला नाही.

पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायची संधी एका कॉलेजच्या महोत्सवात मिळाली. वीस मिनिटं देऊ म्हणाले होते, स्टेजवर चढायच्या आधी दहा झाली. आम्ही मधले भाग गाळून पहिला आणि शेवटचा वाजवला. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. चाल परतली, पण ती कुठे गेलीच नव्हती. त्यानंतर आम्ही ठरवलं की हे गाणं अर्धं वाजवायचं नाही, मग वर्षातून एकदाच वाजवायला मिळालं तरी चालेल.

रेकॉर्डिंगला दोन दिवस लागले. दोन वेगळे क्लिक, म्हणजे लय धरायला कानात वाजणारे टिकटिक ठोके, ठेवावे लागले, आम्हा तिघांच्या कानात बावीसचा, ड्रमरच्या कानात चारचा. बेसवाल्यानं पहिल्या तासातच क्लिक बंद करायला सांगितला. तो वाजवताना ओठांतल्या ओठांत बोल म्हणत होता आणि एकदाही चुकला नाही. मिक्स होऊन गाणं झालं सतरा मिनिटं चाळीस सेकंदांचं. मी ते आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं.

दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. “चांगलं झालंय. आवाज फार मोठे आहेत तुमचे, पण चांगलं झालंय. ते पाणी दगडांना लागतं ते कळलं मला.” मग थोडं थांबून, “शेवटच्या भागात एक अक्षर जास्त आहे.”

शेवटच्या भागातलं पहिलं कडवं असं होतं:

मे महिना येता
उघडते कवाड
चिखलाच्या आड
वृंदावन

“दुसरा चरण मोज,” ती म्हणाली. मी अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवत मोजलं. उ, घ, ड, ते, क, वा, ड. सात.

मला एकदम ड्रमर आठवला. त्या जागी दोन महिने काहीतरी अडत होतं. त्यानं आपल्या कागदावर तिथे आठऐवजी नऊ घरांचा एक बार आखून घेतला होता, आणि जुळत नाही म्हटल्यावर तो न बोलता एक जादा ठोका देऊन आम्हाला सांभाळून घेत होता. आम्ही त्याला गाण्याची खासियत समजायला लागलो होतो. प्रोग रॉकमध्ये असं चालतंच, असं मीच म्हणाले होते. बोलताना ‘उघडते’मधला घ-ड एकत्र येतो, म्हणून कान फसला.

“मग काय करू?”

“‘उघडे कवाड’ कर. आपल्याकडे असं म्हणायचे जुने लोक.”

शनिवारी आम्ही तेवढा भाग पुन्हा वाजवायला गेलो. एका अक्षरासाठी चौघांनी सुट्टीचा दिवस घातला आणि कुणी कुरकुर केली नाही. ड्रमरनं कागदावरचं ते नववं घर खोडलं. दुसरा टेक मिळाला. चार फेऱ्या सुटत गेल्या, तिसरीत नेहमीसारखं सगळं पडणार असं वाटलं, आणि अठ्ठ्याऐंशी मात्रा संपल्या तेव्हा ‘पाण्याखाली गाव’ मधल्या ‘पा’वर सगळे एकदम येऊन पडले. सुरुवातीची चाल. गिटारवाल्याचा आवाज तिथे जरा फुटला आहे. तो आम्ही तसाच ठेवला.

नवी फाइल आईला रात्री पाठवली. या वेळी अर्ध्या तासात उत्तर आलं: “आता बरोबर. मामाला पाठवते.”